माळ न घालता

आमच्या धाकट्या काकांनी पंढरपूरला माळ घातली आणि दारू सोडली. त्यानंतर ते एकवीस वर्षं जगले, पण थेंबाला शिवले नाहीत. मी त्यांचा पुतण्या. तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत कॅशियर, वाचनालयाचा आजीव सभासद, देव न मानणारा, आणि रोज संध्याकाळी एक क्वार्टर, पुढं पुढं हाफ रिचवणारा. आई म्हणायची, “तूपण घाल की माळ.” मी म्हणायचो, “मला नाही लागत असलं काही. मनात आणलं की सोडतो बघ.” हे मनात आणण्यात माझी चौदा वर्षं गेली.

आता अकरा वर्षं झाली, मी पीत नाही. माळ घातली नाही, नवस बोललो नाही, कुठल्या बाबांची पुडीही घेतली नाही. त्यामुळं माझ्याकडं अधूनमधून अशी माणसं येतात, ज्यांना दारू सोडायची आहे पण ‘देवाला शरण जा’ म्हटलं की त्यांचं पाऊल अडतं. काहींचा देवावर विश्वास नसतो. काहींचा असतो, पण या भानगडीत त्याला ओढायचं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. श्रद्धेच्या बळावर ज्यांची सुटली त्यांच्याशी माझं भांडण नाही. सुटली ना, मग झालं.

काकांच्या माळेनं नेमकं काय केलं, हे मी फार उशिरा बघितलं. बँकेतल्या सवयीनं एकेक बाब सुटी करून. माळ घातली ती चारचौघांत, महाराजांच्या हातून, म्हणजे अख्ख्या गावाला कळलं. लग्नात, जत्रेत कुणी ग्लास पुढं केला तर शेजारचाच म्हणायचा, “अरे, माळकरी आहेत ते.” काकांना स्वतः नाही म्हणावंच लागायचं नाही. संध्याकाळी साडेसात ते नऊ, म्हणजे ऐन पिण्याच्या वेळेला, देवळात भजन. पंधरा दिवसांनी एकादशी. आषाढी आणि कार्तिकीची वारी, तिची तयारी महिनाभर आधीपासून. जुने दोस्त आपोआप मागं पडले, दिंडीतले नवे मिळाले. तुळशीचे मणी बाजूला काढून ठेवले तरी एवढं सगळं शिल्लक उरतं.

आम्ही न मानणारे लोक हे सगळं मण्यांबरोबर फेकून देतो आणि त्या जागी एकच मूर्ती बसवतो: निर्धार. ‘मनावर घेतलं की झालं.’ ही आमची अंधश्रद्धा. निर्धार सकाळी दहा वाजता पोलादी असतो आणि संध्याकाळी सातला त्याचं पाणी होतं. हे मी शेकडो वेळा बघितलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच्याच पायाशी. देव मानत नसाल तर नका मानू. पण काकांना जे देवळात आयतं मिळालं ते मग तुम्हाला एकेक करून जमवावं लागेल.

सुरुवात डॉक्टरपासून, आणि इथं चालढकल नको. रोज, भरपूर आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. दारू मेंदूला दाबून ठेवते. त्या दाबाखाली काम करता यावं म्हणून मेंदू जादा जोर लावायला शिकतो. दारू एकदम काढली की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं बोलतात, आपण कुठं आहोत ते कळत नाही, नाडी धावते, ताप चढतो. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. आमच्याकडं अशाला आधी मांत्रिकाकडं नेतात. ‘दारू सोडली आणि बाहेरचं लागलं’ हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या घरांत ऐकलं आहे. जे काही असतं ते आतलंच असतं आणि त्याच्यावर औषध आहे.

तेव्हा सकाळी उठल्या उठल्या हात कापत असतील आणि घोटभर पोटात गेल्यावर थांबत असतील, किंवा याआधी सोडताना फिट आली असेल, तर घरच्या घरी सोडण्याचा प्रयोग करू नका. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. तिथं काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या देतात आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचतात. थायमिन कमी पडलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं मेंदूला घातक ठरू शकतं. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणत जाल तेव्हा आपण किती पितो ते खरं सांगा. लाजून निम्मं सांगायची आपली रीत आहे. डॉक्टर मनातल्या मनात दुप्पट धरतात म्हणे, पण त्यावर विसंबू नका.

दाखल व्हावं लागलं तर जागा बघून. मी एकदा एका केंद्रात होतो. सकाळी साडेसहाला आरती, आणि सगळ्यांनी उभं राहायचंच. मी म्हटलं, मी मागं शांत बसतो. तिथल्या समुपदेशकानं वीस जणांसमोर मला सांगितलं, “हा अहंकारच पाजतो तुला.” पंधराव्या दिवशी मी बाहेर पडलो आणि एसटी स्टँडसमोरच्या परमिट रूममध्ये शिरलो. ग्लास मीच उचलला, हे खरं. पण आरतीच्या त्या पंधरा सकाळी मी दारूविषयी काही शिकलो नाही, फक्त चिडायला शिकलो. म्हणून आता विचारणाऱ्याला सांगतो की आधी फोन करा. परवाना आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात, घरच्यांना भेटू देतात का, प्रार्थनेला न बसण्याची मुभा आहे का, आणि घरी गेल्यावर पुढं काय, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर बाकीची उत्तरं कितीही गोड असोत, दुसरं केंद्र शोधा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित आजार येतात आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्या कायद्यानं बंदी आहे. ‘गाडी पाठवून उचलून नेऊ’ अशी हमी देणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा.

चांगल्या जागा महाराष्ट्रात आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं, त्यामागं पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ उभं केलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या माणसाला व्यसनमुक्तीचंही करावंसं वाटलं, यात मला नवल वाटत नाही. ‘निर्धार केला की सुटते’ हीसुद्धा निर्मूलन करण्याजोगी समजूत आहे.

आता गोळ्यांविषयी. दारूची ओढ कमी करणारी औषधं आहेत आणि ती वर्षानुवर्षं वापरात आहेत, हे आपल्याकडं अनेक शिकलेल्या पिणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. नाल्ट्रेक्झोननं दारूतली मजा कमी होते. अकॅम्प्रोसेट दारू थांबवल्यानंतर ती थांबलेली राहायला मदत करतं. लिव्हर, किडनी आणि इतर चालू औषधं बघून कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तिसरं डायसल्फिरॅम. त्याची कथा निराळी. १९४०च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांच्या ध्यानात आलं की हे औषध घेतलेल्या माणसानं दारू घेतली तर त्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दारू पचताना शरीरात जे विष तयार होतं त्याची विल्हेवाट हे औषध रोखून धरतं. ज्यानं स्वतः समजून-उमजून, कुणाच्या तरी नजरेखाली रोज गोळी घ्यायचं कबूल केलं आहे त्याला याचा उपयोग होतो. सकाळी एकदा गोळी गिळली की दिवसभर निर्धाराची परीक्षा नाही.

पण एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असं जे रंगवलेलं असतं, त्या वाटेला जाऊ नका. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरॅम असेल आणि माणसाला माहीत नसेल, तर तो नेहमीसारखी हाफ मारेल आणि रक्तदाब कोसळून, हृदयावर ताण येऊन प्रसंग ओढवेल. आमटीत कालवून कुणाची दारू सुटत नाही, जीव मात्र जाऊ शकतो.

औषधाच्या जोडीला बोलणं. त्यासाठी मोठ्या शहरात मोठी फी भरावी लागते हा समज गोव्यात खोटा ठरला. ‘संगाथ’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. प्रमाणाबाहेर पिणारे, पण अजून दारूच्या पुरते आहारी न गेलेले ३७७ पुरुष निवडले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी त्यांतल्या निम्म्यांशी जास्तीत जास्त चार बैठकांत गप्पा मारल्या. त्यांत देवाचा संबंध नव्हता आणि भाषणबाजीही नव्हती. तुम्ही का पिता, त्यातून काय मिळतं, काय जातं, कधी प्यावंसं वाटतं, तेव्हा दुसरं काय करता येईल, एवढंच. तीन महिन्यांनी बघितलं तर बोलणं झालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते. नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यालेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. पण आपल्याकडं केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. त्या दुष्काळात चार बैठकाही पुष्कळ झाल्या.

आपण कुठल्या पायरीवर आहोत ते कळायला ‘ऑडिट’ नावाची जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी आहे, चाळीस गुणांची. आठ किंवा वर म्हणजे सावध व्हा. वीस किंवा वर म्हणजे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. मला तेव्हा एकोणतीस मिळाले होते. शाळेनंतर एवढे चांगले गुण पहिल्यांदाच.

आता वही. माझी खरी सुटका वहीनं सुरू झाली, म्हणून इथं जरा रेंगाळतो. शंभर पानी, आखीव, नऊ रुपयांची. पहिल्या पानावर मी जमा-नावे मांडली. नावे बाजू सोपी होती: दिवसाला दीडशे रुपये, वर्षाचे चौपन्न हजार सातशे पन्नास, लिव्हरला सूज, मुलीनं वर्गातल्या मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. जमा बाजू लिहायला मात्र चार दिवस लागले, कारण ती प्रामाणिकपणे लिहायची होती. ‘झोप लागते.’ ‘साहेबांसमोर जे बोलता येत नाही ते इथं बोलता येतं.’ ‘तास-दीड तास कुणाचा कुणी नसतो मी.’ प्रवचन देणारे ही बाजू कोरीच ठेवायला सांगतात, तिथं त्यांचं चुकतं. दारूनं काहीच दिलं नसतं तर चौदा वर्षं कुणी झक मारायला गेलं असतं? जमा बाजूला जे लिहाल ते दुसरीकडून मिळवावं लागेल, म्हणून ती यादी मोलाची. अमेरिकेत १९९४मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट रिकव्हरी या देवविरहित चळवळीत असाच नफा-तोट्याचा तक्ता भरायला लावतात. मी तो भरला तेव्हा मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. बँकेतल्या माणसाला खतावणी सुचली, एवढंच.

पुढच्या पानांवर तलफ. कधी आली, कुठं होतो, दहापैकी किती जोराची, किती वेळ टिकली. तीन आठवडे न चुकता लिहिलं आणि मग बघितलं तर बहुतेक नोंदी संध्याकाळी सहा-चाळीसच्या आसपासच्या होत्या. रोकड जुळली की जुळल्याचा आनंद म्हणून, नाही जुळली की नाही जुळल्याचं दुःख म्हणून. ज्या दिवशी दुपारचा डबा राहिला त्या दिवशी जोर आठ-नऊ, डबा खाल्लेल्या दिवशी चार-पाच. पोटातल्या भुकेला मी वर्षानुवर्षं दारूची तहान समजत होतो. त्यानंतर मी साडेसहाला बँकेतच दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे खाऊ लागलो. शेंगदाण्याला चकणा न समजता खायला शिकायलाही वेळ लागला.

तलफेची एक गोष्ट वहीनंच शिकवली. ती चढते, टोकाला जाते आणि उतरते, आपण काही केलं नाही तरी. माझ्या नोंदींत बहुतेक वेळा वीस मिनिटं, अर्धा तास. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट लाटेवर स्वार होणाऱ्याची उपमा द्यायचे. आम्हा घाटावरच्यांना समुद्राचं काय कळणार. मी पावसाची सर समजतो. सर आली की आपण दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहतो, पावसाशी कुस्ती खेळत नाही आणि आता हा जन्मभर पडणार असंही म्हणत नाही. तलफ आली की घड्याळ बघा, जागा बदला, पोटात काही घाला, कुणाला तरी फोन लावा. तेवढी वीस मिनिटं काढायची. जन्मभराचा विचार त्या वीस मिनिटांत करू नका.

आणि रस्ता बदला. बँकेतून घरी जायच्या वाटेवर माझी परमिट रूम होती. मी मागच्या गल्लीनं, पिठाच्या गिरणीवरून जाऊ लागलो. सात मिनिटं जास्त लागत. इतकी साधी गोष्ट, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी मला सापडली नाही.

विचारांचंही एक काम करावं लागतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठीत ती आणली कि. मो. फडके यांनी. तिचं सार असं की घटना आणि आपलं वागणं यांच्यामध्ये एक विचार लपलेला असतो, तो पकडायचा. एके संध्याकाळी रोकड पाचशेनं कमी आली आणि मी प्यालो. मी म्हणायचो, पाचशे कमी आले म्हणून प्यालो. वहीत लिहायला बसलो तेव्हा मधलं वाक्य सापडलं: ‘असल्या दिवसानंतर न पिता राहणं माणसाला शक्यच नाही.’ हे खरं का? त्याच दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या बाईंचेही दोनशे कमी आले होते. त्या घरी गेल्या आणि त्यांनी भाकऱ्या थापल्या. तेव्हा ‘शक्यच नाही’ खोडून मी ‘जड जातं, पण जमतं’ असं लिहिलं. अशी खोडाखोड रोज करावी लागते. कंटाळवाणं काम आहे.

यापुढची अडचण काकांना नव्हती. त्यांना दिंडी होती. मला एकट्याला वही. आणि एकट्यानं सोडलेली दारू एकट्यालाच परत गाठते.

गट हवाच. महाराष्ट्रात सगळ्यात सहज सापडणारा गट ए.ए.चा, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा. ही चळवळ १९३५मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी सहांमध्ये देव किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते. नास्तिक माणूस तिथंच परत फिरतो. मीही फिरलो होतो. पुन्हा गेलो, कारण त्यांच्याच नियमात लिहिलंय की सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवायची इच्छा. मी प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहतो, पायऱ्यांतल्या मला पटतात त्या घेतो आणि माणसांचं ऐकतो. कुणी हरकत घेतली नाही. एखाद्या गटात घेतली तर दुसरा गट बघा, प्रत्येकाची हवा निराळी असते. हार्वर्डच्या जॉन केली यांनी इतरांबरोबर केलेल्या २०२०च्या आढाव्यात ए.ए.कडं नेणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरसच दिसले. का, याचा शोध घेताना त्यांना दिसलं ते मुख्यतः असं की माणसाचा गोतावळा बदलतो आणि ‘मला जमेल’ हा भरवसा वाढतो. काकांच्या माळेची खतावणी माझ्याआधी हार्वर्डनं मांडली होती तर.

देवाशिवायचे गटही आहेत. जीन किर्कपॅट्रिक यांनी १९७५मध्ये अमेरिकेत खास स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ काढली. पिणाऱ्या बाईला आधी आपली लाज पुसावी लागते आणि ‘मी शक्तिहीन आहे’ हे वाक्य तिला आणखीनच खाली ढकलतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं पिणाऱ्या बायकांविषयी कुणी बोलतच नाही, पण त्या आहेत. त्यानंतर लाइफरिंग, स्मार्ट रिकव्हरी अशा संघटना आल्या. त्यांच्या ऑनलाइन बैठका इंग्रजीत चालतात. परदेशातल्या किंवा इंग्रजीला न बिचकणाऱ्या मराठी माणसाला त्या घरबसल्या मिळतात.

बाकीच्यांनी स्वतःचा काढावा. आम्ही काढला. सुरुवातीला तिघेच: मी, एक निवृत्त मास्तर आणि एक रिक्षावाला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी सात ते साडेआठ. गुरुवारच का, तर खोली तेव्हा मोकळी असते. दत्तगुरूंचा संबंध नाही, हे दर नव्या माणसाला सांगावं लागतं. पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही, पण त्या दिवशी त्यानं फक्त ऐकायचं. उपदेश बंद, फक्त स्वतःचं सांगायचं. इथलं बाहेर बोलायचं नाही. प्रत्येकाकडं दुसऱ्या दोघांचे फोन नंबर, रात्री-अपरात्री लावायची परवानगी धरून. सात वाजताची वेळ मुद्दाम ठेवली आहे, नऊला आलेल्या माणसाचा ग्लास झालेला असतो.

घसरणीविषयी बोलायलाच हवं, कारण बहुतेकांची होते. माझी सात महिन्यांनी झाली, गटारीला. दोन पेग घेतले आणि डोक्यात आलं, गेलेच आता सात महिने पाण्यात, मग बाटलीच संपवू. मार्लट यांनी या विचाराचा अभ्यास केला होता. पहिल्या ग्लासापेक्षा हा विचार जास्त पाजतो. मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, “पाचशे कमी आले म्हणून उरलेला गल्ला वाटून टाकतोस का रे तू?” मी बाटली मोरीत ओतली. वहीत लिहिलं: दोनशे चौदा दिवसांपैकी दोनशे तेरा. घसरलात तर त्याच रात्री कुणाला तरी सांगा, दुसऱ्या दिवशी वहीत कारण शोधा, आणि घसरण चार-पाच दिवस रोजच्या पिण्यात गेली असेल तर थांबताना पुन्हा डॉक्टर. ‘आता एखाद-दुसरा पेग चालेल का’ असं मला अजून विचारतात. ज्याचे सकाळी हात कापायचे त्याला नाही चालणार. या बाबतीत मी ठाम आहे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला मला बायकोनं लावलं होतं. वेणीला खोबरेल तेलाचा वास होता. मुलगी डोळे मिटून, श्वास रोखून उभी होती, फोटो काढताना राहतात तशी. नवव्या दिवशी शपथ मोडली. तेव्हापासून मी प्यायलो की तिच्यापासून लपायचो, आणि तिला ताप आला की रात्रभर जागायची ती. बाबा प्याले म्हणून मला ताप आला, असं तिनं एकदा आजीला सांगितलं. शपथा घालू नका. मुलाला जामीन ठेवून दारू सुटत नाही, फक्त लपवाछपवी वाढते. दुसरं, तुम्हालाही बोलायला जागा हवी. मुक्तांगणमध्ये पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. ए.ए.च्या जोडीला कुटुंबीयांसाठी अल-अनॉन आहे. त्याच्या दारूचा हिशेब रोज ठेवणं तुमचं काम नाही.

सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत फोन नंबर १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. रोज पिणारे असाल तर उद्या सकाळी आधी डॉक्टरकडं जा. वही परवा घेतली तरी चालेल.